तालुक्याचा वकीलसंघ सांभाळण्यात गेलेली एक कारकीर्द

बालाघाट (बीड जिल्हा)

आमच्या साहेबांनी या दिवाळीनंतर नवीन वकालतनामे घेणं बंद केलं. वकीलसंघाने सत्कार ठेवला, शाल-श्रीफळ झालं. प्रत्येक वक्त्याने पदं वाचून दाखवली: ग्रंथालय सचिव, सचिव, नंतर पुन्हा पुन्हा अध्यक्ष, एकदा बार कौन्सिलची निवडणूक. यादी बरोबर होती. पण त्या पदांवर बसून त्यांनी काय केलं आणि त्यापायी त्यांच्या वकिलीचं काय झालं, यावर कोणी बोललं नाही. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, म्हणून इथे लिहितोय. नाव टाकत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

साहेबांनी सनद घेतली सत्तरच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा आपल्याकडची दिवाणी वकिली म्हणजे मुख्यतः जमीन. निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत, काही मोडीत. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा, त्यातल्या कलम ३८-ई खाली संरक्षित कुळाला मिळालेलं मालकीचं प्रमाणपत्र, १९५४ चं खासरा पत्रक (जमीन कोण कसतंय याची नोंद) आणि इनामाचा मुंतखब (इनाम मान्य केल्याचा सरकारी दाखला), एवढं ज्याला नीट वाचता येईल त्याला कामाची ददात नव्हती. साहेबांना वडिलांमुळे उर्दू येत होतं. दुभाष्याविना मुंतखब वाचणारा वकील म्हणून लांबलांबच्या गावांतून लोक त्यांच्याकडे यायचे.

१९८१ मध्ये औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं आणि बरोबरीचे कितीतरी वकील तिकडे गेले. साहेबांनाही बोलावणं होतं, पण ते गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, अपील चालवणारे वकील आता मिळतील, पण खालच्या कोर्टात पुरावाच धड आला नाही तर वर जाऊन लढणार कशावर? पुढचं त्यांचं सगळं काम या एका विचारातून आलंय असं मला वाटतं.

पहिलं काम ग्रंथालयाचं. एआयआर आणि महाराष्ट्र लॉ जर्नल या निवाडे छापणाऱ्या नियतकालिकांची वर्गणी थकलेली, जुने अंक सुटे झालेले. त्यांनी सभासदांच्या मागे लागून पैसे गोळा केले, अंक बांधून घेतले आणि नियम केला की नोंद करून ज्युनिअरला रात्री पुस्तक घरी नेता येईल. ज्याच्या सिनिअरकडे पुस्तकं नाहीत, त्यालाही दुसऱ्या दिवशी निवाडा हातात घेऊन उभं राहता येऊ लागलं. पुढे पक्षकारांसाठी शेड, प्यायचं पाणी, नक्कल लवकर मिळावी म्हणून पाठपुरावा. ही कामं लहान वाटतात, पण दिवसभर पुकाऱ्याची वाट बघत उन्हात उभं राहिलेल्या माणसाला विचारा.

सगळ्यात मोठं काम रिकाम्या खुर्चीचं. न्यायाधीशांची बदली होते, जागा महिनोन्महिने भरत नाही, शेजारच्या कोर्टाकडे चार्ज जातो आणि इथे नुसत्या तारखा पडतात. अशा वेळी निवेदन देऊन फोटो काढणारे अध्यक्ष मी पाहिलेत. साहेब आधी बोर्डावरून, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या प्रकरणांच्या यादीवरून, वेगळी यादी करायचे. पोटगीची प्रकरणं किती, आरोपी तुरुंगात असलेली किती, म्हातारे साक्षीदार असलेले दावे कोणते. ती यादी घेऊन ते प्रधान जिल्हा न्यायाधीशांना भेटायचे आणि गरज पडली तर खंडपीठात जिल्ह्याच्या पालक न्यायमूर्तींना, म्हणजे जिल्ह्यातल्या कोर्टांवर देखरेख ठेवणाऱ्या न्यायमूर्तींना. यादी समोर असली की बोलणं वेगळं होतं.

याची किंमत काय पडली, तेही सांगतो. पक्षकार तालुक्याला येतो तेव्हा त्याला आपला वकील टेबलावर दिसायला हवा. साहेब संघाच्या कामाला बाहेर, ज्युनिअर मुदत अर्ज देतोय, असं दोन-चार तारखांना झालं की पक्षकार दुसरा वकील लावायला ना हरकत मागायला येतो. साहेब लगेच सही करून द्यायचे. ज्या कुटुंबांची कुळाची प्रकरणं त्यांनी लढवली होती, त्यांच्याच पुढच्या पिढीने भूसंपादनाची प्रकरणं दुसरीकडे दिलेली मी पाहिली आहेत. अध्यक्षपदामुळे काम वाढतं अशी लोकांची समजूत आहे. आमच्या ऑफिसात ते कमी झालं.

बार कौन्सिलचंही सांगतो, कारण वकीलसंघ आणि बार कौन्सिल एकच असं अनेकांना वाटतं. वकीलसंघ ही त्या-त्या कोर्टातल्या वकिलांची संघटना. बार कौन्सिल मात्र १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली उभी राहिलेली संस्था. सनद तीच देते आणि वकिलाविरुद्धची तक्रारही तीच चालवते. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलवर २५ सदस्य निवडून जातात आणि मतदान पसंतीक्रमाचं असतं. मतदार मुंबईपासून गोंदियापर्यंत आणि खाली गोव्यापर्यंत. तालुक्यातल्या माणसाने आपल्या विभागातली पहिल्या पसंतीची मतं जमवायची आणि बाहेरून दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मागायची. साहेब एसटीने फिरले आणि पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बोर्डावर त्यांचं प्रकरण होतं, त्यांनी उलटतपासणी घेतली.

तुमच्याकडे अशी माणसं होती का? त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. नुसती पदं नकोत.

---

गोदाकाठ (नांदेड)

चांगला धागा. साहेबांच्या पिढीच्या मागचं थोडं सांगतो, म्हणजे वकीलसंघ या गोष्टीला आपल्या भागात एवढं वजन का, ते नव्या मुलांना कळेल.

हैदराबाद संस्थानात रझाकारांचा धुमाकूळ चालू असताना वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घातला होता. वकिली हेच उत्पन्न असलेल्या माणसांनी ते बंद केलं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेलं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपलं उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईला गेलं. १९५३ च्या नागपूर कराराने नागपूरला उच्च न्यायालयाचं ठिकाण देऊ केलं होतं, मराठवाड्याला तसं काही नव्हतं. कुळाचं प्रकरण महसूल न्यायाधिकरणापर्यंत लढून हरलेला माणूस पुढे मुंबईला जाणार कसा? मनमाडला गाडी बदलायची, मुंबईत उतरायचं कुठे, वकील कोण, फी किती. बरेच जण खालच्या निकालावर थांबायचे.

म्हणून खंडपीठाची मागणी. गावोगावच्या वकीलसंघांचे ठराव आणि त्यांच्या मागे सगळ्या पक्षांचे लोक. १९७८ मध्ये विधानसभेने पाठिंब्याचा ठराव केला. २७ ऑगस्ट १९८१ पासून मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने, राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली, औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. त्याला आव्हान दिलं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. १९८४ मध्ये खंडपीठ कायम झालं. आज मराठवाड्याबरोबर अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबारही त्याच खंडपीठाकडे आहेत.

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं ते याच कलम ५१(३) खाली. तिकडचे वकील वर्षानुवर्षं झगडले, आणि मराठवाड्याचा १९८२ चा निकाल त्यांच्या पाठीशी होता.

बीडचं नाव निघालंच आहे तर नरेंद्र चपळगावकर आठवतात. बीडला वकिली, मग खंडपीठाचे न्यायमूर्ती आणि २०२३ ला वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. जिल्ह्याच्या कोर्टातून वर गेलेला माणूस खालच्या कोर्टाची अडचण न सांगता ओळखतो, असं आमच्याकडचे जुने वकील म्हणायचे.

---

कोरडवाहू (परभणी जिल्हा)

वकील लोकांचं बोलणं चाललंय, मधी मी बोलतो. मी पक्षकार. तलावात जमीन गेली, मावेजा कमी भेटला म्हणून कलम १८ चा रेफरन्स टाकलेला, म्हंजी मावेजा वाढवून मागायचा कोर्टातला अर्ज. तारखेला भल्या सकाळी निघायचं, एसटी पकडायची, शेजारच्याला साक्षीला संगं न्यायचं, त्याची मजुरी आपणच द्यायची. कोर्टात गेलं की कळतं आज काम बंद, वकील लोक कोर्टात जायलेच नाहीत. का, तर कुठंतरी कुण्या वकिलावर हल्ला झाला, न्हाईतर कायद्याला विरोध. कारण खरंच असंल. पण मला पुढची तारीख दोन महिन्यांची.

एकदा असं झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा साक्षीदार आलाच नाही, म्हणाला माझी सोयाबीन काढायची हाय. त्याला काय म्हणू?

तुमच्या साहेबानं शेड केलं, पाण्याचं बघितलं, लई चांगलं. अशा माणसाला मी नमस्कारच करंल. पण काम बंदचा ठराव बी वकीलसंघाच्याच बैठकीत होतो आन त्याच्यावर सही अध्यक्षाचीच असती. मग हिशेब करायलाव तर ते बी त्याच हिशेबात धरा.

---

बालाघाट

कोरडवाहू दादा, तुमचं म्हणणं योग्य आहे आणि ते या धाग्यावर यायलाच हवं होतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. डिसेंबर २००२ मध्ये हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही. निषेध करायचा तर पत्रक काढा, काळी फीत लावा, कोर्टाच्या आवाराबाहेर धरणं धरा. अगदी क्वचित, न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेचाच प्रश्न असेल तर एका दिवसापुरतं काम थांबवण्याकडे कोर्ट दुर्लक्ष करू शकेल, आणि तेही अध्यक्षाने आधी मुख्य न्यायमूर्ती किंवा जिल्हा न्यायाधीशांशी बोलून. त्याआधी २००० च्या रॅमन सर्व्हिसेस प्रकरणात तर संपामुळे पक्षकाराचं नुकसान झालं तर त्याचा खर्च वकिलावर टाकता येतो, असंही म्हटलंय.

साहेब अध्यक्ष असताना काय व्हायचं ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. वर्षानुवर्षं त्यांनी बैठकीत एकच धरून ठेवलं: फीत लावू, निवेदन देऊ, पण जामीन, मनाई हुकूम, पोटगी आणि हजर असलेला साक्षीदार, एवढं कोणी अडवायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये राहुरीत वकील दांपत्याचा खून झाला तेव्हा मात्र कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. वकील संरक्षण कायद्याची मागणी सगळीकडून उठली आणि कामही थांबलं. साहेब त्या रागाच्या विरोधात गेले नाहीत. ते स्वतः कोर्टाच्या फाटकाशी उभे राहिले आणि आलेल्या प्रत्येक पक्षकाराला पुढची तारीख लिहून दिली, म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी नुसती तारीख विचारायला पुन्हा यावं लागू नये. दादा, यानं तुमची मजुरी भरून निघत नाही हे मला मान्य आहे. अध्यक्षाच्या हिशेबात ती धरायची, हेही मान्य.

आणखी एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲडव्होकेट्स ॲक्ट दुरुस्तीचा मसुदा आला, त्यात बहिष्कारावर थेट बंदी होती. देशभर विरोध झाल्यावर सरकारने तो फेरविचारासाठी मागे घेतला. माझं मत असं की वकीलसंघांनी हे बंधन स्वतःच स्वतःवर घालून घ्यावं. ते कायद्यातून लादलं गेलं तर बार कौन्सिलची स्वायत्तताही त्याच्याबरोबर जाईल, आणि ती घालवणं पक्षकारालाही परवडणारं नाही. सरकारविरुद्ध उभा राहणारा वकील शेवटी त्यालाच लागतो.

---

निवृत्त नाझर

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, कोर्टाच्या कार्यालयात नोकरी केली, वेगवेगळ्या तालुक्यांत. वकीलसंघाचा सचिव चांगला असला की आमच्या कर्मचाऱ्यांचा दिवस सुरळीत जातो, हे बाहेर कोणाला माहीत नसतं. नक्कल विभागात गर्दी, बेलिफ कमी, समन्स वेळेवर बजावलं जात नाही, म्हणून वकील आमच्यावर चिडतात. चांगला सचिव बार रूममध्ये बसून आरडाओरडा ऐकत बसत नाही, येऊन विचारतो की अडचण कुठे आहे. एका ठिकाणी अशा सचिवाने ज्युनिअर वकिलांना सांगून पत्ते नीट लिहून आणायला लावले, गावाबरोबर वस्ती आणि तांड्याचं नावसुद्धा. समन्स बिनबजावणी परत येणं बरंच कमी झालं.

ई-फायलिंग आलं तेव्हाही तेच. जुने वकील घाबरले, विरोधाचे ठराव झाले. ज्या संघाने एक संगणक, एक स्कॅनर आणि एक शिकलेला मुलगा बसवला, तिथे चार-सहा महिन्यांत तक्रार थांबली. जिथे नुसते ठराव झाले तिथे अजून बाहेरच्या दुकानात पानामागे पैसे मोजून स्कॅनिंग चालू आहे, आणि ते पैसे शेवटी पक्षकाराच्याच खिशातून जातात.

---

मांजराकाठ (लातूर)

सगळं वाचलं. साहेबांविषयी आदर वाटला. पण सत्काराच्या व्यासपीठावर किती बायका होत्या, बालाघाट?

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी आणि कौटुंबिक प्रकरणं चालवते. वकीलसंघाच्या निवडणुकीत आमच्यासाठी जागा ठरलेली: महिला प्रतिनिधी, फार तर महिला सहसचिव. त्या पदाला ना कागद ना पैसा. अजेंडा सचिव काढतो, चेकवर कोषाध्यक्षाची सही असते. महिला प्रतिनिधीने आठ मार्चचा कार्यक्रम घ्यायचा आणि हळदीकुंकू.

मी कोषाध्यक्षपदासाठी उभी राहिले तेव्हा एका ज्येष्ठांनी समजावलं, ‘ताई, बिनविरोध महिला प्रतिनिधी करतो की, कशाला धावपळ?’ मी उभी राहिले आणि थोड्या मतांनी निवडून आले. पहिला खर्च महिला बार रूमच्या स्वच्छतागृहावर केला. त्याला कुलूप नव्हतं, पाणी नव्हतं. गर्भवती असलेल्या माझ्या एका ज्युनिअरने कोर्टाच्या वेळेत पाणी प्यायचंच सोडलं होतं. इतकी वर्षं अहवालात ‘इमारत दुरुस्ती’ असं शीर्षक होतं आणि ते पैसे जायचे पुढच्या बाजूच्या रंगाला. कोणी खाल्ले असं मी म्हणत नाही, पण बाईच्या डोळ्यांना दिसतं ते हिशेबाच्या वहीत यायला बाईच्या हातात वही लागते.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखायला सांगितल्या आणि त्या वर्षीचं कोषाध्यक्षपदच महिलेसाठी ठेवलं. ती बातमी मी प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली.

---

नवी सनद (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. सनद घेऊन फार दिवस झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणी शुल्क ७५० रुपयांवर आलं म्हणून परवडलं, आधीच्या मुलांनी हजारो भरलेत. आता खोलीचं भाडं, मेस, कोर्टात जायला पेट्रोल. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे. माझ्या ओळखीत कोणालाच एवढे मिळत नाहीत.

मित्र म्हणतात गावाकडे जा, तालुक्याला वकिली कर, वकीलसंघात सहसचिव हो, ओळखी होतील, पुढे सरकारी वकील म्हणून नेमणूक मिळेल. बालाघाट सर म्हणतात काम कमी होतं. नेमकं काय समजायचं? आणि उभं राहायचं तर कसं? पॅनल, जातीची गणितं, जेवणावळी हे ऐकून भीती वाटते.

---

मांजराकाठ

भीती रास्त आहे. पॅनल असतात, जातीची बेरीज होते, आदल्या रात्री ढाब्यावर टेबलं लागतात. मी ढाबा न करता निवडून आले, मात्र प्रत्येक टेबलापाशी जाऊन बसले आणि दोनदा गेले. वकील मतदार शंकेखोर असतो, त्याला समोर बसलेला माणूस लागतो.

नियमाचं आधी बघ. सभासद वर्गणी भरलेली हवी आणि मतदार यादीत नाव हवं. बहुतेक ठिकाणी पदासाठी वकिलीची ठरावीक वर्षं लागतात, ती तुमच्या संघाच्या घटनेत वाच. एक वकील, एक बार, एक मत हे तत्त्व २०११ च्या बी. डी. कौशिक निकालाने आलंय. शहरात मत दिलंस तर त्याच काळात तालुक्यातही मत देता येईल असं धरू नकोस, कुठे राहायचं ते आधी ठरव.

---

बालाघाट

ताई, व्यासपीठावर एकही बाई नव्हती. साहेबांच्या काळात आमच्या संघात बाई पदाधिकारी झालीच नाही. त्यांच्या कामातली ही उणीव मी मोठी मानतो, आणि त्यांच्या तोंडावरही तेच सांगेन.

नवी सनद, सरकारी वकिलाच्या नेमणुकीसाठी कायद्याला निदान ७ वर्षांची वकिली लागते. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट परीक्षेलाही ७ वर्षं. तोवरचा काळ कोर्टात उभं राहण्यात गेला पाहिजे. नेमणुकीत ओळख चालते हे मी नाकारत नाही. पण ओळखीवर मिळालेल्या खुर्चीत बसून सत्र खटला चालवायचा असतो आणि समोर आरोपीचा वकील तयारीनिशी उभा असतो.

पहिली काही वर्षं पद घेऊ नकोस, काम घे. ग्रंथालय समितीत जा, विधी सेवा समितीच्या पॅनलवर नाव नोंदव. मोफत वकील मिळण्याचा हक्क असलेल्या बायका, अनुसूचित जाती-जमातीचे पक्षकार, तुरुंगातले आरोपी यांची प्रकरणं तिथून येतात. पैसे थोडे, पण साक्षीपुरावा स्वतः घ्यायला मिळतो, आणि तालुक्यातला कुठला गट कुठे बसतो हेही कळतं. साहेबांनी सचिवपद घेतलं तोवर त्यांच्या नावावर लढवलेले दावे होते. म्हणून पुढे काम घटलं तरी ते बसून गेले नाहीत. पायात बळ नसताना पद घेतलं तर माणूस पदालाच चिकटून राहतो. ते मी जास्त पाहिलंय.

---

कोरडवाहू

वकीलसाहेब, उत्तर दिलं, बरं वाटलं. एक विचारतो. तारीख लिहून देण्याचं तुमच्या साहेबानं केलं, तसं आता मोबाईलवर होत न्हाई का? काम बंद ठरलं की आदल्या रात्रीच पक्षकाराला कळवायचं. माझा वकील व्हाट्सअपवर सणाचे फोटो रोज पाठवतो, तेवढं बी पाठवू शकंल.

---

निवृत्त नाझर

दादा, ई-कोर्टच्या मोफत ॲपवर तुमच्या प्रकरणाचा सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा वेगळा नंबर) टाकला की पुढची तारीख दिसते. नंबर १६ अक्षरी असतो. वकिलाकडून किंवा कोर्टातून लिहून घ्या. काम बंद आहे हे मात्र त्यावर आधी कळणार नाही, ते वकीलसंघालाच कळवावं लागेल.

---

बालाघाट

हे करण्यासारखं आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतो: काम थांबवायचं ठरलं तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक वकिलाने आपापल्या पक्षकारांना कळवायचं, आणि बाहेरगावचा साक्षीदार तरीही हजर झाला तर त्याची साक्ष त्याच दिवशी घ्यायची. मसुदा इथे टाकतो. ताई, भाषा तुम्ही तपासा. नाझरसाहेब, कोर्टाच्या बाजूने काय अडेल ते सांगा. कोरडवाहू दादा, पक्षकार म्हणून त्यात काही राहिलं असेल तर तुम्हीच सांगायचं.

---

मांजराकाठ

टाका. आणि सूचक म्हणून तुमच्या संघातल्या एखाद्या वकील बाईंचं नाव घ्या.